पोथी देवघरात, अक्षर आईच्या हातात

पत्र :

ताई, नमस्कार. माझी आई 74 वर्षांची आहे. सकाळी देवपूजा झाली की दासबोधातला एक समास आणि दिवेलागणीला हरिपाठ, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह करते. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, उजव्या डोळ्यात काचबिंदूही निघाला. पोथीची अक्षरं आता तिला लागत नाहीत. मोठ्या टायपातली प्रत आणली तर ती इतकी जड की मनगट भरून येतं. वाचनालयाची वर्गणी तिनं दोन वर्षांपूर्वी बंद केली. मी तिला ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं छोटं यंत्र, घ्यायचं म्हणते. भाऊ म्हणतो, मोबाईल आहे की, कशाला खर्च? मोठ्या काकू म्हणतात, यंत्रावरचं पारायण फळत नाही. शिवाय ज्या यंत्रावर रात्री खुनाच्या गोष्टी वाचायच्या त्यावरच सकाळी गुरुचरित्र? आई काहीच बोलत नाही. काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर :

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पोथीबद्दल, काकूंबद्दल, भावाबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंय आणि वाचनालयाबद्दल फक्त एक ओळ. मला ती एक ओळ फार लागली. तिच्याकडे शेवटी येते, कारण आधी काकूंचं म्हणणं नीट ऐकायला हवं.

काकूंची शंका नवी नाही. आपल्याकडे छापखाने आले तेव्हा हाच प्रश्न निघाला होता. छपाईच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली माणसं छापील कागदाला शिवत नसत, पोथी म्हणजे हातानं लिहिलेलीच. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली शिळाछापावर मराठी पंचांग छापलं. धर्मग्रंथ छापताना त्यांनी चरबीऐवजी तूप घालून शाई केली, आणि मग हळूहळू छापील पोथ्या देवघरात पोचल्या. आज तुमच्या आईंच्या चौरंगावर जी प्रत आहे ती यंत्रावरच छापलेली, यंत्रानंच बांधलेली आहे, आणि तिला आपण हळदकुंकू वाहतो. हे काकूंना वाद जिंकायला सांगू नका. पण कधी निवांत चहा घेताना तूपशाईची ही गोष्ट जरूर सांगा. त्यांना आवडेल, कारण तिच्यात धर्म सोडणारी माणसं नाहीत. आपला नेम नव्या साधनावर कसा सांभाळायचा याचा मनापासून विचार करणारी माणसं आहेत.

आणि काकूंच्या बोलण्यात एक गोष्ट अगदी खरी आहे. पोथीला घरात जागा असते. तिचं वस्त्र असतं, ठवणी असते, ती जमिनीवर ठेवायची नाही, तिला पाय लावायचा नाही, हे घरातल्या लहान मुलालाही शिकवावं लागत नाही. ई-रीडर सोफ्यावर उशीखाली सापडतो. वाचनाआधी मन ज्या खुणांनी ठिकाणावर येतं त्या सगळ्या खुणा त्याच्यात गायब असतात. म्हणून माझं सांगणं असं : पोथी काढून टाकू नका. ती आहे तिथेच, वस्त्रात, देवघरात राहू दे. सप्ताहात ती चौरंगावर उघडून ठेवा, पूजा तिचीच करा, आणि आईंनी समोर बसून ई-रीडरमधून वाचावं. ई-रीडरसाठी एक धुतलेला सुती रुमाल आणि छोटी लाकडी ठवणी वेगळी काढा. कव्हर घेताना मात्र जपून. पुष्कळ कव्हरं चामड्याची असतात आणि विकताना ते मोठ्या कौतुकानं सांगितलं जातं. तुम्ही कापडी घ्या. ही बारीक गोष्ट आधीच सांभाळली तर काकूंचा निम्मा विरोध मावळेल.

खुनाच्या गोष्टींबद्दल एवढंच म्हणेन की ज्या जिभेनं आपण दिवसभर भाजीवाल्याशी घासाघीस करतो, मुलांवर ओरडतो, त्याच जिभेनं संध्याकाळी हरिपाठ म्हणतो, आणि तो पोचतो अशी आपली श्रद्धा असते. तरीही कुणाला खटकत असेल तर सप्ताहाचे सात दिवस ते यंत्र फक्त आईंचं, त्या दिवसांत बाकी कुणी हात लावायचा नाही, असं ठरवून टाका. फळतं की नाही हे सांगायचा अधिकार माझा नाही. आईंनी कुणाचा अनुग्रह घेतला असेल तर त्यांना विचारा, नाहीतर घरच्या गुरुजींना. मला वाटतं, डोळे अधू झालेल्या माणसाला ते अडवणार नाहीत.

आता भावाचा मोबाईल. मोबाईलवर वाचता येतं, यात शंका नाही. पण समास अर्ध्यावर असताना फोन वाजतो, वर कुणाचा तरी निरोप सरकत येतो, बोट चुकून लागलं की पान भलतीकडे जातं, आणि अक्षर मोठं केलं की त्या अरुंद पडद्यावर ओवीचा एक चरण तीन ओळींत तुटतो. ओवी ओवीसारखी दिसली नाही तर ती म्हणता येत नाही. सहा-सात इंची ई-रीडरचं वजन साधारण दीडशे ते सव्वादोनशे ग्रॅम. म्हणजे मनगटाचा प्रश्न मिटला. त्याच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात, प्रत्येक कुपीत काळे आणि पांढरे कण. विजेच्या इशाऱ्यानं काळे वर आले की अक्षर उमटतं, पांढरे वर आले की कागद. पान उलटताना वीज लागते, उमटलेलं पान तसंच धरून ठेवायला लागत नाही. म्हणून एकदा चार्ज केला की आठवडे चालतो. आणि तो कागदासारखा बाहेरच्या उजेडात दिसतो, खिडकीशी बसून वाचणाऱ्या माणसाला हे सुख मोठं आहे. कडेचे छोटे दिवे लावले तर उजेड पानावर पडतो, डोळ्यांत मारत नाही.

एक सावधगिरी मात्र, आणि ही खर्च करण्याआधीची. काचबिंदूत पुष्कळांना अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक कमी जाणवतो. ई-रीडरची पांढरी बाजू किंचित राखाडी असते, शुभ्र नसते. काही रुग्णांना त्यापेक्षा टॅबलेटचा उजळ पडदाच बरा पडतो, मग तो जड का असेना. तेव्हा कुणाच्या तरी ओळखीतला ई-रीडर चार दिवस मागून आणा आणि आईंच्या हातात द्या. त्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन जवळचा चष्मा तपासून घ्या. मोतीबिंदूनंतर बसवलेल्या भिंगानं सहसा लांबचं स्वच्छ दिसतं, जवळच्या वाचनाला चष्मा लागतोच, आणि आपल्या घरांमधून तो जुन्या नंबरचाच वर्षानुवर्षं चालवला जातो. नुसत्या चष्म्यानंच भागलं तर यंत्राचा खर्च वाचेल आणि मला त्याचा आनंदच होईल.

चष्मा झाला, यंत्र जमलं, असं धरून पुढचं लिहिते. आणि जे लिहिते ते या उत्तरातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण इथे माझ्या हातून चूक झालेली आहे.

माझ्या वडिलांचे डोळे मंदावले तेव्हा मी उत्साहानं ज्ञानेश्वरीची एक फुकट प्रत कुठूनतरी उतरवून घेतली आणि ई-रीडरमध्ये घालून दिली. अक्षर मोठं, वडील खूश. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बारावा अध्याय म्हणता म्हणता ते थांबले. म्हणाले, "इथली एक ओवी गेलीय." त्या अध्यायाच्या 247 ओव्या त्यांना पाठ होत्या, म्हणून कळलं. कपाटातल्या प्रतीशी ताडून पाहिलं तर ओवी खरंच नव्हती. पुढे बघत गेलो तर कुठे 'ध'चा 'घ' झालेला, कुठे 'भ'चा 'म', आणि अनुस्वार तर मुठीनं सांडलेले. छापील पानाचा फोटो काढून संगणकाकडून अक्षरं ओळखून घेतलेली आणि कुणीही न तपासलेली प्रत होती ती. वडील रागावले नाहीत. पण त्यांनी ई-रीडर मिटून बाजूला ठेवला तो पुढचे काही महिने उचललाच नाही. मी त्यांना चुकीचा पाठ वाचायला दिला होता, हे मला आजही बोचतं.

संत एकनाथांना हेच दुःख होतं. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली झाली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढच्या तीनशे वर्षांत नकला करता करता पाठ इतके बिघडले की एकनाथ महाराजांनी प्रती ताडून शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यात कुणी आपली ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखं होईल, असं शेवटी बजावून ठेवलं. ग्रंथ कशावर उमटला आहे यापेक्षा जे उमटलं आहे ते खरं आहे ना, याची काळजी त्यांनी वाहिली. आपल्या घरच्या धर्मवाचनात आपणही सोवळ्याचा सगळा जोर इथेच लावावा, असं माझं ठाम मत आहे.

मग तपासायचं कसं? आईंचीच रोजची प्रत शेजारी घेऊन बसा. दासबोधाचे 20 दशक, प्रत्येकात 10 समास, असे 200 समास. अनुक्रमणिकेत ते सगळे आहेत का आणि बोट लावलं की नेमका तोच समास उघडतो का, हे पाहा. ज्या पुस्तकात अनुक्रमणिका चालत नाही ते कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका, कारण 13 व्या दशकातला सहावा समास शोधायला आई पानामागून पान उलटत बसतील आणि दोन दिवसांत कंटाळतील. मग कुठलेही पाच समास काढा आणि प्रत्येकाच्या शेवटच्या ओवीचा आकडा पोथीशी जुळवा. आकडे जुळले तर एक-दोन समास आईंसमोर मोठ्यानं वाचा. चूक असली तर तुमच्याआधी त्यांना ऐकू येईल.

गुरुचरित्राचं प्रकरण जास्त नाजूक आहे. काही प्रतींत 51 अध्याय, काहींत 52, काहींत 53. आईंच्या पोथीत जितके तितकेच ई-पुस्तकात हवेत. सप्ताहाची वाटणीही त्यांच्या पोथीत दिलेली असेल. पुष्कळ घरांत पहिल्या दिवशी 9 अध्याय, दुसऱ्या दिवशी 21 पर्यंत, मग 29, 35, 38, 43 आणि सातव्या दिवशी शेवटापर्यंत अशी असते. जिथे जिथे त्या दिवसाचं वाचन संपतं तिथे तुम्ही आधीच खूण घालून ठेवा. त्यात एक सोय अशी आहे की काल कुठे थांबलो ते शोधावं लागत नाही, यंत्र तिथेच उघडतं. पोथीतल्या मोरपिसासारखंच, फक्त ते पडत नाही.

पुस्तकं कुठून आणायची हेही विचाराल. किंडल या ॲमेझॉनच्या ई-रीडरवर 2016 पासून मराठी पुस्तकं मिळतात. विकत घेण्याआधी नमुन्याची काही पानं फुकट उतरवता येतात, ती नेहमी पाहा. ओव्या एकेका ओळीवर सुट्या आहेत की सगळ्या एका परिच्छेदात कोंबल्यात, हे पहिल्या पानावरच दिसतं. मराठी विकिस्रोत या इंटरनेटवरच्या मोफत ग्रंथसंग्रहात संतवाङ्मय आहे आणि ते ई-पबच्या, म्हणजे अक्षर लहानमोठं करता येणाऱ्या ई-पुस्तकाच्या रूपात उतरवता येतं. किंडलकडे ई-पब पाठवायची सोय आहे. तिथलाही पाठ वर सांगितल्याप्रमाणे ताडून घ्या. मूळ ओव्या कुणाच्याही मालकीच्या नाहीत, पण एखाद्याने केलेला अर्थ, टीपा, प्रस्तावना यांवर त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क असतो. व्हॉट्सअॅपवर फिरणारं अर्थासहितचं स्कॅन त्यामुळे बहुधा चोरीचं असतं. नेमाच्या वाचनाला ते नको.

आणि पीडीएफच्या वाटेला शक्यतो जाऊच नका. पीडीएफ म्हणजे पानाचं चित्र. पुस्तकाचं मोठं पान सहा इंचांत बसवलं की अक्षर पोथीहूनही बारीक होतं. मोठं करायला गेलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि दर ओळीला पान डावीउजवीकडे सरकवावं लागतं. पुष्कळ घरांत ई-रीडर कपाटात जाऊन पडतो तो याच कारणानं. बुकगंगासारख्या ठिकाणची मराठी पुस्तकं त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये वाचायची असतात, ती किंडलमध्ये जात नाहीत. तुम्हाला ती हवी असतील तर ॲप चालणारं यंत्र निवडा, नाहीतर टॅबलेट.

अक्षराबद्दल थोडं. मराठीचा ल आणि श हिंदीच्या वळणाहून वेगळा असतो. आईंच्या वयाच्या माणसाला हिंदी वळणाचा ल खटकतो, अक्षर ओळखायला क्षणभर जास्त लागतो आणि ओवीची लय मोडते. किंडलमध्ये आपला फाँट घालता येतो. यंत्र संगणकाला जोडलं की 'फाँट्स' नावाचा फोल्डर दिसतो, त्यात फाइल टाकायची. 'तिरो देवनागरी मराठी' हा फुकट मिळणारा फाँट मराठी वळणाचा आहे. तो नाजूक वाटला तर जाड अक्षराचा 'मुक्त' घालून पाहा. 'ऱ्हस्व', 'दुसऱ्या', 'वाङ्मय' हे शब्द उघडून बघा, जोडाक्षरं फुटत असतील तर तो फाँट काढा. अक्षराचा आकार एवढाच वाढवा की ओवीचा एक चरण एका ओळीत मावेल. मावत नसेल तर यंत्र आडवं धरायची सोय वापरा, समास कमी करा. (हा समास पानाच्या कडेचा, दासबोधातला नव्हे.)

यंत्र देण्याआधी त्यात तीनच पुस्तकं ठेवा : दासबोध, हरिपाठ, गुरुचरित्र. वाय-फाय बंद करा म्हणजे मध्येच काही येऊन पडद्याचं रूप बदलणार नाही. उजवीकडे बोट टेकवलं की पुढचं पान, डावीकडे टेकवलं की मागचं, वरच्या कडेला टेकवलं की बाकी सगळं. आईंना पहिल्या दोनच गोष्टी शिकवा. हात थरथरत असेल तर पान उलटायला खरी बटणं असलेलं यंत्र मिळतं ते पाहा, कोबो या कंपनीच्या काही ई-रीडरना तशी असतात. बोट ओलं असलं की पडदा ऐकत नाही, तेव्हा पूजेनंतर हात कोरडे करून घ्यायला सांगा. आणि पहिला आठवडा सकाळी शेजारी बसा. मदत मागेपर्यंत मात्र मध्ये हात घालू नका. आपण त्यांच्या हातातून यंत्र घेतो, भराभर दाबतो आणि परत देतो. त्या क्षणी ते यंत्र त्यांचं राहत नाही, आपलं होतं.

आता आईंचं गप्प बसणं. काकू बोलल्या, भाऊ बोलला, तुम्ही मला पत्र लिहिलंत. ज्यांच्या डोळ्यांबद्दल हे सगळं चाललंय त्यांना कुणी विचारलं का? मला वाटतं, त्यांना खर्चाची भीती असेल, जावेचं मन मोडायचं नसेल, आणि कदाचित असंही असेल की पोथीचा त्यांना तितकासा प्रश्नच नाही. इतक्या वर्षांच्या नेमानं हरिपाठ त्यांना पाठ असणार. समास त्या निम्म्याअधिक आठवणीनं म्हणत असतील, डोळे फक्त ओळींवरून फिरत असतील. पोथी डोळे मिटूनही वाचता येते. कादंबरी तशी वाचता येत नाही.

म्हणून ती वर्गणीची ओळ. वाचनालयाची वर्गणी बंद करताना त्यांनी घरी काही कारण सांगितलं असेल, जिना चढवत नाही, हल्ली चांगली पुस्तकं येत नाहीत, असं काहीतरी. खरं कारण अक्षर होतं. दोन वर्षं त्या दुपारी काय करत असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. नेमाचं वाचन टिकावं म्हणून घरात इतकी चर्चा झाली आणि दुपारचं वाचन कुणाच्या लक्षात न येता बंद पडलं.

तेव्हा तीन पुस्तकं म्हटलं ना, त्यांत चौथं घाला. दत्तजयंतीच्या सप्ताहापर्यंत थांबू नका आणि सुरुवात गुरुचरित्रापासून तर मुळीच करू नका. पहिल्या दिवशी नवं साधन आणि मोठं पारायण असं दोन्ही ओझं नको, चुकेल या धास्तीनंच हात कापतील. दुपारच्या वाचनात चुकलं तरी काही बिघडत नाही. पान मागे गेलं तर गेलं, दोन पानं गळली तर गळली. चार दुपारी तसं वाचलं की बोटाला सवय होईल आणि सकाळचा समास आपोआप त्यावर येईल, कुणी सांगावं लागणार नाही.

आज संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर आईंजवळ बसा आणि विचारा, वाचनालयात परत केलेलं शेवटचं पुस्तक कुठलं होतं, आणि ते कितव्या पानावर राहिलं.